सहा जानेवारीचे बारा पदार्थ

११ डिसेंबर

उणे एकोणीस. बर्फ चार बोटं. झोरिया गाव ते मोठा रस्ता, दोन फेऱ्या.

गेली बावीस वर्षं एवढंच लिहून मी वही मिटतो. मॅनिटोबात बर्फ हटवायचा नांगर चालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात याहून जास्त काही घडत नाही. आज घडलं.

ब्रँडनहून थोरल्या बहिणीचा, स्टेफाचा, फोन आला. ताई पायरीवरून घसरली, घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. दरवर्षी जुन्या कॅलेंडरप्रमाणे येणाऱ्या आमच्या नाताळाच्या आदल्या संध्याकाळच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या जेवणासाठी ती तीन दिवस आधी येते, स्वयंपाकघराचा ताबा घेते आणि मला बाहेर हाकलते. मी म्हटलं, काळजी करू नकोस, यंदा राहू दे, आई आणि मी डब्यातलं सूप गरम करून घेऊ. खरं सांगायचं तर मला थोडं हायसं वाटलं होतं.

आई शेजारीच बसली होती. ती शहाऐंशीची आहे आणि सोयीप्रमाणे बहिरी आहे. म्हणाली, "फोन ठेवायच्या आधी तिला सांग, सगळ्यांनी जेवायला यायचं आहे. बारा पदार्थ ओरेस्ट करणार आहे."

स्टेफा इतकी हसली की तिचा नवरा वॉल्टर धावत आला. त्याला वाटलं पाय दुखतोय.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मला अंडं उकडता येतं, सॉसेज तळता येतं आणि डबा उघडता येतो. सहा तारखेला मांस, अंडं, दूध काहीच चालत नाही. म्हणजे माझ्याकडे फक्त डबा उघडणं उरतं.

१३ डिसेंबर

उणे चोवीस. कोरडं.

आईची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत, म्हणून ती खुर्चीत बसून सांगणार आणि मी लिहून घेणार असं ठरलं. मोठी वही आणली. सुरुवात गव्हाच्या खिरीपासून, कारण ताटात पहिली तीच पडते. कांडलेले गहू, मध, वाटलेली खसखस, अक्रोड. गहू किती वेळ भिजवायचे असं विचारलं तर आई छताकडे बघत बसली. म्हणे, आठवत नाही.

साठ वर्षं ही खीर करणाऱ्या बाईला आठवत नाही? तिच्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. मी डॉक्टरांना फोन करायला उठलो तर आई म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय गव्हातलं, डोरीनला विचारून ये. आणि दहाच मिनिटांनी, १९७१ साली चर्चच्या जेवणाला गार मासा कुणी आणला होता आणि त्या बाईनं कुठल्या रंगाचा रुमाल बांधला होता, हे तिनं मला बारकाव्यांसकट सांगितलं. म्हातारपणी डोक्याचा एकेक कप्पा बंद होतो म्हणतात, तसं असावं.

डोरीन बोइचुक आमच्या घराच्या तिरकस समोर राहते. शाळेत माझ्या तीन वर्षं मागे होती. पुढे त्याच शाळेचं स्वयंपाकघर तिनं शाळा बंद पडेपर्यंत चालवलं. तिचा नवरा तारास जाऊन सहा वर्षं झाली. रस्ता ओलांडून गव्हाबद्दल विचारायचं, एवढंच काम. पण आईनं मला शर्ट बदलायला लावला. वरून जाड कोट घातल्यावर शर्ट कुणाला दिसतो?

डोरीननं दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. रात्रभर भिजव, मग मंद आचेवर चार तास, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "पारास्काकाकू खिरीचे गहू विसरल्या?" मी गंभीरपणे हो म्हटलं. तिनं तोंड फिरवलं. खोकत होती बहुतेक.

१७ डिसेंबर

उणे सतरा. वारा.

वाईट दिवस. या जेवणाला घरच्या गव्हाची पेंढी लागते. तिला आम्ही दिदुख म्हणतो. घराण्यातले गेलेले सगळे त्या दिवसांत तिच्यात येऊन राहतात अशी समजूत आहे. यंत्रानं कापलेल्या गव्हाचं काड आखूड पडतं, म्हणून ऑगस्टमध्ये आईनं मला विळा घेऊन शेतात उभं केलं होतं. कापलेले गहू मी शेडमध्ये टांगले. आज काढायला गेलो तर उंदरांनी एकूण एक ओंबी खाल्लेली. नुसतं काड आणि खाली लेंड्या.

अर्धा तास मी शेडमध्येच उभा राहिलो. बाबा गेल्यापासून पेंढीचं काम माझ्याकडे आहे. वर्षातलं तेवढं एक काम माझं, आणि तेही नीट झालं नाही.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, डोरीनकडे असेल.

डोरीनकडे होती. एक नाही, दोन पेंढ्या पुरतील एवढे गहू. एकट्या बाईला दोन कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, यंदा जास्त कापले गेले. तिच्या टेबलाशी बसून आम्ही पेंढी बांधली. खाली तीन जुड्यांचे पाय, मध्ये कंबर, वर ओंब्यांचा फुलोरा, आणि लाल फीत. गाठी मारण्यात माझा हात बरा आहे. साखळदंड बांधून बांधून सवय झाली आहे.

बांधता बांधता तिनं सांगितलं की तारास गेला त्या वर्षी सहा जानेवारीला तिनं फक्त टोस्ट खाल्ला. मी म्हटलं, टोस्टपण गव्हाचाच असतो. बोलल्यावर वाटलं, जीभ चावावी. पण ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

निघताना तिनं उरलेलं काड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, कोळी करून बघ.

२१ डिसेंबर

उणे एकतीस. नांगराचं इंजिन रात्रभर विजेवर ऊबेत ठेवलं, तरी सकाळी कुरकुरलं.

काडाचा कोळी म्हणजे टेबलावर टांगायचा गोल हलता साज. काड कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं, सारखे तुकडे कापायचे, त्यातून दोरा ओवायचा आणि चौकटीला चौकट जोडत जायचं. पहिला माझ्या बोटांत चुरगळला. दुसरा टांगल्यावर एका बाजूला कलला, आमच्या चर्चच्या घुमटासारखा. तिसऱ्याला तीन दिवस लागले. आज तो टांगला आणि दार उघडल्याच्या वाऱ्यानं हळूच फिरायला लागला. मी खुर्ची ओढून त्याच्याखाली बसलो. मी केलेली एखादी वस्तू सुंदर आहे असं मला यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. नांगर मारलेला रस्ता नीट असतो, सुंदर नसतो.

दुपारी आरोग्य खात्याची एक बाई फाइल घेऊन आईचं ब्लडप्रेशर बघायला आली. आईला खुर्चीपासून दारापर्यंत चालायला लावलं, घड्याळ लावून. आंघोळीला मदत लागते का, पायऱ्या चढता येतात का, सगळं विचारून लिहून घेतलं. एका ब्लडप्रेशरसाठी एवढी चौकशी. हे खातं पुष्कळ सुधारलं म्हणायचं. आईनं तिला लोणच्याच्या काकडीची बरणी दिली.

२५ डिसेंबर

उणे बावीस. बर्फ नऊ बोटं.

आज इतरांचा नाताळ. त्यांना नातेवाइकांकडे जाता यावं म्हणून पहाटेपासून रस्ता मोकळा केला. नियमाप्रमाणे आधी मोठा रस्ता, मग गल्ल्या. डोरीनच्या दारापासून सुरुवात केली, कारण ते वाटेत आहे. (ते वाटेत नाही. पण वळण घेतलं की येतं.)

दुपारी कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड घसरवायचा खेळ, खेळताना आमच्या चमूतल्या मायरॉननं सगळ्यांसमोर विचारलं, डोरीनच्या दारातला बर्फ इतका गुळगुळीत कसा, तिथंच सामने भरवू या का. सगळे हसले. मी समजावून सांगितलं की तिनं आम्हाला पेंढी दिली, खिरीची कृती दिली, तेव्हा हे साधं शेजारधर्माचं काम आहे. ते आणखीच हसले.

२८ डिसेंबर

उणे सव्वीस.

पिरोही केल्या. दोनशे. पिरोही म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या छोट्या करंज्या. निम्म्या बटाट्याच्या, निम्म्या आंबवलेल्या कोबीच्या. आई म्हणाली, हे एका माणसाचं काम नाही, डोरीनला बोलाव.

माझ्या पहिल्या वीस पाण्यात उघडल्या आणि भांड्यात बटाट्याचं सूप तयार झालं. मी डबा उघडणाराच माणूस आहे, हे नाटक कुठवर चालवायचं, असं मनात आलं, बोलूनही दाखवलं. डोरीन म्हणाली, अरे, तू कडा दाबतोस की स्क्रू पिळतोस? मग माझा अंगठा धरून तिनं दाखवलं. कड आधी कोरडी हवी, मग हलकं चिमटायचं, मग पुन्हा एकदा. पुढची एकही उघडली नाही.

आई सुरुवातीला देखरेख करत होती, पण लगेच खुर्चीत झोपली. आम्ही बोलत होतो तोवर ती गाढ झोपेत होती; फक्त डोरीननं गाणं गुणगुणायला घेतलं तेव्हा तिच्या पायानं ठेका धरला. झोपेतही ताल पक्का आहे तिचा.

ट्रे भरभरून ओसरीत ठेवले. तासाभरात गोठून दगड झाले.

जाताना डोरीननं सहज सांगितलं की पाच तारखेला ती मुलाकडे रेजायनाला जाणार आहे. मी म्हटलं, छान. संध्याकाळपासून मला बरं वाटत नाहीये. छातीपाशी जड आहे. परतलेला कांदा जास्त खाल्ला गेला.

२ जानेवारी

उणे एकोणीस. धुकं.

कोलाच बिघडला. तीन पेडांची वेणी घालून गोल भाजायचा पाव तो. एकावर एक तीन ठेवून मधोमध मेणबत्ती लावतात. माझं पीठ फुगलंच नाही. तीन कोलाच काढले ते नांगराला वजन म्हणून बांधता आले असते. यीस्टचं पाणी उकळतं होतं, कोमट नाही, हे मला आता कळलं. परवा पुन्हा.

आईनं साफसफाई काढली आहे. कपाटातल्या कपबश्यांना चिठ्ठ्या लावते आहे. माळ्यावरची तपकिरी सूटकेस तिनं मला खाली काढायला लावली. भरतकामाचे झगे हवा लागायला त्यात घालून ठेवले. हवा लागायला कपडे बंद पेटीत का घालतात हे मी विचारलं नाही. मग तिनं विचारलं, डॉफिन शहरात पूर्वेच्या खिडकीत जिरेनियमचं रोप जगेल का. मी म्हटलं, आपण कुठल्या गावात आहोत हे जिरेनियमला कुठं कळतंय. आई म्हणाली, "तू वाईट मुलगा नाहीस, ओरेस्ट."

५ जानेवारी

उणे चौदा. दक्षिणेला काळं. वादळ येणार.

कोलाच जमले. तिन्ही. मी ते खिडकीत मांडून ठेवले आहेत आणि दर थोड्या वेळानं जाऊन बघतो.

दुपारी डोरीन आमच्याकडे आली, मशरूमचा रस्सा करायला. रेजायनाला गेलीच नाही. म्हणाली, वादळात रस्ता बंद होईल, उगाच अडकायला नको. आता रस्ता या विषयात माझ्या शब्दाला गावात किंमत आहे. मी तिला सांगितलं की उद्या दुपारपर्यंत रस्ता हमखास चालू राहील, तू आत्ता निघालीस तर रात्रीच्या जेवणाला आरामात पोचशील, हवं तर मी हद्दीपर्यंत पुढे नांगर घेऊन चालतो.

डोरीननं माझ्याकडे बघितलं, मग रश्शाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आईनं हातातला चमचा खाली ठेवला.

"ओरेस्ट," ती म्हणाली, "कधी कधी नांगर घरात ठेवावा."

आई असं कोड्यात का बोलते कळत नाही. डोरीन शेवटी राहिलीच. छातीतला जडपणा मात्र उतरला. कांद्याचाही परिणाम इतके दिवस टिकत नसावा.

७ जानेवारी

काल लिहायला वेळ झाला नाही. कालचं आज लिहितो. मोठं आहे.

पहाटे पाचला वादळानं गाठलं. दहा हात पुढचं दिसेना. दुपारी तीनला मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी स्टेफा आणि वॉल्टरची गाडी दिसली. शेवटचे चौदा किलोमीटर ती माझ्या नांगरामागून गोगलगायीसारखी आली. दोन तास लागले. घर दिसलं तेव्हा सगळ्या खिडक्यांत दिवे होते आणि धुराड्यातून धूर. आत डोरीननं आईचा ॲप्रन बांधला होता. टेबलावर गवत पसरून वर भरतकामाची चादर घातली होती, चारी कोपऱ्यांत लसणाच्या पाकळ्या, मध्ये कोलाच, कोनाड्यात पेंढी, आणि वर माझा कोळी फिरत होता. स्टेफा कुबड्या टेकत आत आली, वर बघितलं आणि विचारलं, हा कुठून विकत आणला. मी काही बोललो नाही. डोरीननं सांगितलं.

पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं. बाहेर नुसतं पांढरं. वॉल्टर भुकेला होता. आईनं खिडकीपाशी जाऊन पाहिलं आणि म्हणाली, तारा आहे. ढगामागे आहे म्हणून काय नाही म्हणायचं? बसा.

बारा पदार्थ होते. मी मोजले, दोनदा. बिटाच्या सारात मीठ थोडं कमी होतं आणि कोबीचे दोन गुंडाळे सुटले होते. ते मी माझ्या ताटात घेतले. एक ताट रिकामं मांडतात, जे आता नाहीत त्यांच्यासाठी. स्टेफानं बाबांचं नाव घेतलं, आणि डोरीननं तारासचं, आणि मग सगळे जेवायला लागले. स्टेफानं तीनदा खीर घेतली. तिसऱ्यांदा घेताना ती म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी झालीय रे." माझ्या बहिणीच्या तोंडून असं वाक्य मी अठ्ठावन्न वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग खीर छताला मारायची वेळ आली. चमचाभर वर फेकायची. चिकटली तर वर्ष चांगलं. हे काम घरच्या पुरुषाचं, पण आईनं चमचा माझ्या हातातून घेतला. त्या वाकड्या बोटांनी तिनं तो असा झटकला की खीर थेट छताला जाऊन बसली. दोन दाणे वॉल्टरच्या टकलावर पडले. बाकी सगळी वर राहिली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर आईनं सांगितलं. डॉफिनच्या वृद्ध निवासात तिला खोली मिळाली आहे. नऊ तारखेला ती जाणार. तिथं नर्स आहे, लिफ्ट आहे, आणि तिच्या दोन मैत्रिणी आहेत. स्टेफाला माहीत होतं. वॉल्टरनं कागद भरले होते. डोरीन ताटाकडे बघत होती, म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी उठून ओसरीत गेलो. तिथं उणे वीस होतं आणि मी शर्टावर होतो. थोड्या वेळानं आई काठी टेकत आली आणि माझ्या खांद्यावर कोट टाकला.

मी म्हटलं, "मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास," आई म्हणाली, "आणि मी ऐकलं असतं. मग एक दिवस तू नांगरावर असताना मी इथं जमिनीवर पडले असते, आणि ते तू जन्मभर वाहिलं असतंस."

मी विचारलं, मी तुझं नीट केलं नाही का. ती म्हणाली, सगळं केलंस, म्हणून तर तुझं स्वतःचं काही झालं नाही. मग म्हणाली की थंडी आहे, आत डोरीन एकटी भांडी घासते आहे, जाऊन पुसून ठेव.

मी भांडी पुसली. डोरीन घासत होती. एक ताट तिनं जरा जास्तच वेळ घासलं. मी थांबलो.

९ जानेवारी

उणे तेवीस. स्वच्छ. रस्ता मीच काल साफ केला होता, त्यामुळे एकही धक्का बसला नाही.

आईला पोचवलं. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. घरी आल्यावर मी दोन कप चहा केला आणि मग एक ओतून टाकला. याहून जास्त लिहीत नाही.

१२ जानेवारी

उणे सोळा. ऊन.

सकाळी ताज्या पिरोही केल्या, पन्नासच. डोरीन म्हणाली, तिलाही डॉफिनला काम आहे, एकाच गाडीनं जाऊ. तिथं पोचल्यावर मात्र तिचं काही काम निघालं नाही. म्हणाली, तू आधी एकटा भेट, मी गाडीत बसते.

आईनं एक पिरोही खाल्ली आणि सांगितलं की पीठ जाड झालंय. मग आणखी सहा खाल्ल्या. शेजारच्या खोलीतल्या बाईला तिनं चार नेऊन दिल्या आणि या माझ्या मुलानं केल्या असं दोनदा सांगितलं, कारण ती बाई खरोखर बहिरी आहे. निवासाच्या स्वयंपाक्याला खीर शिकवायचं तिनं ठरवलं आहे. गहू किती वेळ भिजवायचे ते आठवतं का, मी विचारलं. आई म्हणाली, इथल्या पाण्यानं आठवलं.

मग म्हणाली, "तिला वर घेऊन ये. गाडीत गारठली असेल."

डोरीन सोबत आली आहे हे मी सांगितलंच नव्हतं, आणि आईची खिडकी गाड्यांच्या बाजूला नाही.

परत येताना डोरीननं थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला आणि विचारलं, पुढच्या सहा जानेवारीला बारा पदार्थ कोण करणार. मी म्हटलं, मीच, आता येतात मला. कुठं करणार, तिनं विचारलं, तुझ्याकडे की माझ्याकडे? मी विचार केला. दोन घरांत सामान नाचवायचं, दोन चुली पेटवायच्या, दोन ओसऱ्या झाडायच्या. मी म्हटलं, "दोन घरं ठेवायचीच कशाला? तुझं टेबल मोठं आहे. मी माझं सामान तिकडे आणतो."

तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं टेबलाबद्दल काही चुकलं. दहा-एक किलोमीटर ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरं. आण."

तिला तिच्या दारात सोडलं, गाडी लावली, घरात आलो, खाली बसून बूट काढायला लागलो. एक बूट काढल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो होतो.

दुसरा बूट अजून पायातच आहे. मी तसाच बसून हे लिहितो आहे. धावत जाऊन सांगावं का, की मला तसं म्हणायचं नव्हतं? पण खूप विचार केला, आणि मला तसंच म्हणायचं होतं.